विजेचा उगम आणि शेतकऱ्याची रात्र

(द्वितीय वर्ष, कला)

वीज हा विज्ञान शाखेचा विषय आहे, अशी आपली एक ठाम समजूत आहे. व्होल्ट, अँपिअर, धनभार, ऋणभार हे सारे पलीकडच्या इमारतीतल्या प्रयोगशाळेचे. आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी इतिहास, अर्थशास्त्र आणि वाङ्मय वाचावे, बटन दाबल्यावर दिवा लागला म्हणजे झाले! परंतु थोडा विचार केला तर ध्यानात येते की, वीज कशी निर्माण होते हा प्रश्न विज्ञानाचा असला, तरी ती कशापासून निर्माण करायची, कोणाच्या जमिनीवर करायची आणि कोणाला कोणत्या वेळी द्यायची, हे प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाहीत. ते इतिहासाचे, अर्थशास्त्राचे आणि राज्यशास्त्राचे प्रश्न आहेत. म्हणजेच ते आपले प्रश्न आहेत.

हल्ली वर्तमानपत्र उघडले की कोळशाचे युग संपत आले, आता सूर्याचे युग आले, अशी वाक्ये वाचायला मिळतात. ती वाचून आनंद होतो, हे खरे. पण मला याविषयी थोडे निराळे म्हणायचे आहे. देशाच्या विजेचा उगम बदलतो, तेव्हा त्याच्याबरोबर आणखी दोन गोष्टी बदलतात आणि त्यांची चर्चा मात्र क्वचितच होते. एक, त्यासाठी कोणाची जमीन जाते. आणि दुसरी, कोणाच्या वाट्याला दिवसाचा कोणता प्रहर येतो. उगम बदलला म्हणून या दोन गोष्टींत न्याय आपोआप येत नाही. तो मागून घ्यावा लागतो, आणि मागण्यासाठी आधी विषय समजून घ्यावा लागतो.

उगम बदलणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी फार लांब जायला नको. पारनेर तालुक्यातल्या आमच्या विहिरीवरच त्याचा सगळा इतिहास उभा आहे. आजोबांच्या तरुणपणी तिच्यावर मोट चालत होती, म्हणजे ऊर्जा बैलांची होती. पुढे ऑईल इंजिन आले, ऊर्जा डिझेलची झाली. नंतर खांब आले, तारा आल्या आणि विजेची मोटार बसली. आता शेजारच्या शेतात सौर पंपाच्या काचा चमकतात. पण मोटेचे दगडी थारोळे अजून जागच्या जागी आहे, आणि इंजिनही छपरात पडून आहे; रोहित्र जळून लाईट आठ-आठ दिवस गेली की तेच बाहेर निघते. देशाचेही असेच असते. नवा उगम आला की जुना लगेच निघून जात नाही. एकत्र कुटुंबातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा तो ओसरीवर बसून राहतो, कारभार तेवढा हळूहळू दुसऱ्याच्या हाती जातो.

जगाचा अनुभवही हाच आहे. लंडन शहरात हॉलबर्न व्हायाडक्ट येथे १८८२ साली कोळशावर चालणारे सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झाले. त्याच ब्रिटनने आपले शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद केले. म्हणजे कोळशाला निरोप द्यायला त्या श्रीमंत देशालाही १४२ वर्षे लागली. फ्रान्सने १९७३ च्या तेलसंकटानंतर अणुविजेची कास धरली, कारण त्याच्यापाशी ना पुरेसे तेल होते ना पुरेसा कोळसा. उलट जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये आपल्या शेवटच्या अणुभट्ट्या बंद केल्या. प्रत्येक देश आपल्यापाशी काय आहे आणि आपल्याला कशाची भीती वाटते, हे पाहून उगम निवडतो. तेव्हा उगमाची निवड ही केवळ तांत्रिक बाब नसून तो त्या समाजाचा स्वभाव असतो, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. येथील मोठ्या प्रमाणावरच्या विजेचा पहिला उगम होता सह्याद्रीवरचा पाऊस. टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात पाणी अडवले, ते घाटाखाली खोपोलीला सोडले आणि १९१५ पासून तेथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही वीजघरे सुरू झाली. गिरण्यांच्या धुरापेक्षा ही वीज स्वच्छ होती, यात शंका नाही. परंतु भिऱ्याच्या विजेसाठी जे धरण बांधले गेले, ते मुळशीचे. पन्नासच्या आसपास गावांवर पाणी येणार होते आणि तेथील मावळ्यांची भाताची खाचरे बुडणार होती. त्याविरुद्ध १९२१ साली मुळशी सत्याग्रह सुरू झाला. त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट हे आपल्या जिल्ह्यातले, पारनेरचे. या लढ्यानेच त्यांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. धरण झाले, सत्याग्रह हरला, पण ‘वीज हवी, हे मान्य, पण ती कोणाच्या जमिनीवर?’ हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारणारा माणूस आपल्या मातीतला होता, याचा मला अभिमान वाटतो. त्यांचा तो प्रश्न अजून शिळा झालेला नाही.

त्याच काळात आपल्या अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण उभे राहत होते. १९२६ मध्ये ते पूर्ण झाले. ते बांधले गेले पाटपाण्यासाठी. वीजघरे त्याला पुष्कळ वर्षांनी जोडली गेली, एक १२ मेगावॅटचे आणि दुसरे ३४ मेगावॅटचे. प्रवरेच्या पाटांनी खालचा मुलूख हिरवा केला, ऊस आणला, आणि त्या उसातूनच १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना चालू झाला. पाणी आधी शेतात आणि मग त्याच्यावर वीज, असा हा क्रम होता. कोयनेचा क्रम उलटा. १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली आणि आज त्या प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे. पण वीज करून झाल्यावर ते पाणी कोकणात उतरते, दुष्काळी पूर्वेकडे येत नाही. कोयनेने महाराष्ट्राचे कारखाने उभे केले, हे निर्विवाद. मात्र त्या धरणात ज्यांची गावे गेली, त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न दोन-तीन पिढ्या होऊनही वर्तमानपत्रात वाचावे लागतात. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंपही त्याच खोऱ्याने सोसला.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला देशाच्या एकूण वीजक्षमतेत पाण्याचा वाटा जवळपास निम्मा होता. आज तो दहाव्या हिश्शाच्या आसपास आहे. याचा अर्थ धरणे बंद पडली असा नाही; बाकीचे उगम वाढले आणि पाणी मागे पडले. पावसावर भरवसा ठेवता येत नाही, हे १९७२ च्या दुष्काळाने आपल्या जिल्ह्याला जसे शिकवले, तसे ते वीजखात्यालाही कळून चुकले होते. मग नाशिकजवळ एकलहरे, परळी, कोराडी, चंद्रपूर अशी कोळशाची केंद्रे एकामागून एक उभी राहिली. १९६९ साली तारापूरला देशातले पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले होते, पण महाराष्ट्राचा खरा भार उचलला तो विदर्भातल्या कोळशाने. कोळसा पावसाची वाट पाहत नाही, असे आपण म्हणतो. पण तेही अर्धेच खरे आहे. बॉयलरला आणि वाफ थंड करायला पाणी लागतेच. २०१५ साली पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातली ही गोष्ट.

येथे मी माझ्या मुख्य मुद्द्यापाशी येतो. कोळशाच्या केंद्राचा एक स्वभाव आहे. त्याची भट्टी चुलीसारखी सकाळ-संध्याकाळ पेटवता-विझवता येत नाही. एकदा तापवली की रात्रंदिवस चालवावी लागते. दिवसा कारखाने, कचेऱ्या, दुकाने आणि शहरे वीज ओढून घेतात. मध्यरात्री ती सारी झोपतात आणि वीज शिल्लक पडते. या शिल्लक विजेचे करायचे काय? उत्तर सोपे होते: ती शेतीपंपांना द्या. म्हणून शेतीच्या थ्री फेज विजेच्या पाळ्या पडल्या. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्री दोन तास जास्त देऊन कागदावर हिशेब बरोबर केला गेला. शहरात हॉटेलाला किंवा चित्रपटगृहाला ‘तुमची वीज रात्री बारानंतर’ असे कोणी सांगितले असते, तर दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला असता. शेतकऱ्याला सांगितले आणि त्याने ते ऐकले. उगमाच्या सोयीसाठी माणसाने आपला प्रहर बदलला.

रात्रीची पाळी म्हणजे काय, हे गावाकडच्या मुलांना सांगावे लागणार नाही. पण आपल्यापैकी जे शहरात वाढले त्यांच्यासाठी दोन शब्द लिहितो. आमचा कांदा उभा असतो तो नेमका पौष-माघाच्या थंडीत. रात्री लाईट आली की वडील घोंगडी पांघरून, बॅटरी घेऊन निघतात. मोटार चालू करायची आणि मग पहाटेपर्यंत एकेका वाफ्याचे दारे धरायचे. गुडघ्यापर्यंत गार पाणी, पायाखाली साप आहे की नळी आहे हे कळत नाही, आणि आता तर जिल्ह्यात बिबट्या उसाच्या शेतातून कांद्याच्या शेतापर्यंत आला आहे. मध्येच फ्यूज गेला तर अंधारात डीपीपाशी जायचे. आई त्या रात्री झोपत नाही, नुसती पडून राहते. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. वसतिगृहात रात्री बारा वाजता माझ्या टेबलावर दिवा असतो आणि त्याच वेळी वडिलांच्या हातातही वीज असते. एकाच विजेने एकाला अभ्यासाची सोय केली आणि दुसऱ्याची झोप नेली. हे कोणी ठरवले? कोणा एका अधिकाऱ्याने मुद्दाम ठरवले, असे मी म्हणणार नाही. ते भट्टीच्या स्वभावाने आणि समाजाच्या उतरंडीने मिळून ठरवले.

मधल्या काळात आणखी एक उगम आला आणि गेला. १९९२ साली एन्रॉन कंपनीशी करार झाला, दाभोळला परदेशातून आणलेल्या इंधनावर वीज करायचे ठरले. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये बंदही पडला, कारण त्या विजेचा भाव राज्य वीज मंडळाला परवडेना. जो उगम आपल्या मातीत नाही, त्याची किंमतही आपल्या हातात नसते, हा धडा महाराष्ट्राने महागात घेतला. त्यानंतर २००५ पासूनची काही वर्षे राज्याने भारनियमनात काढली. आमची पिढी त्याच वर्षांत जन्मली. शहरात ज्या काळोखाची बातमी होत असे, तो काळोख खेड्यात अधिक तासांचा होता. पण त्याची बातमी होत नसे.

आपल्या जिल्ह्यातच वीज निर्माण करणारे उगम काही कमी नाहीत. सुप्याजवळच्या डोंगरांवर आणि नगरजवळच्या खांडके परिसरात पवनचक्क्या फिरतात. एस.टी.तून येताना पाहुणेमंडळी त्यांच्याकडे कौतुकाने बोट दाखवतात. वारा जोरात वाहतो तो पावसाळ्यात, म्हणजे शेताला मोटारीची गरज सर्वांत कमी असते तेव्हा. आणि तयार झालेली वीज तारांवरून निघून जाते. पवनचक्कीच्या पायथ्याच्या गावाला पाळी चुकत नाही. साखर कारखान्यांची गोष्टही तशीच. उसाचा रस काढल्यावर उरणाऱ्या बगॅसवर कारखाने वीज तयार करतात आणि जास्तीची विकतात. ही गोष्ट चांगलीच आहे, टाकाऊपासून टिकाऊ म्हणतात ती हीच. पण तो ऊस तोडायला पाथर्डी आणि बीडकडून जी माणसे येतात, त्यांच्या कोप्यांत संध्याकाळी डोकावून पाहावे. वीज तयार करणाऱ्या कारखान्याच्या सावलीत अनेक ठिकाणी त्या कोप्या अंधारात असतात, आणि मुले बॅटरीच्या उजेडात भाकरी खातात. दिव्याखाली अंधार ही म्हण आपल्या पूर्वजांनी तेलाच्या दिव्याविषयी केली. विजेच्या दिव्यालाही ती लागू पडते.

आता सूर्याकडे येऊ. जून २०२५ मध्ये भारताच्या एकूण वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल, वायू यांखेरीज इतर उगमांची झाली. हे उद्दिष्ट २०३० साठी ठरवले होते, ते पाच वर्षे आधी गाठले गेले. स्वातंत्र्याच्या वेळी सगळ्या देशाची क्षमता सुमारे १३६० मेगावॅट होती, ती आज पाच लाख मेगावॅटच्या घरात आहे, हे ध्यानात घेतले तर या बदलाची व्याप्ती कळते. पण येथे एका शब्दाने फसू नये. क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष निर्मिती वेगळी. मोटार पाच हॉर्सपॉवरची आहे म्हणून ती चोवीस तास पाणी ओढते, असे थोडेच आहे? सूर्याची काच दिवसातले काही तासच काम करते, कोळशाची भट्टी रात्रंदिवस. त्यामुळे २०२४ साली देशात तयार झालेल्या दर चार युनिटांपैकी जवळजवळ तीन युनिटे कोळशाचीच होती. कोळसा ओसरीवर जाऊन बसलेला नाही. अजून तोच घरचा कर्ता आहे. त्याला काढून टाकले असे म्हणणे ही घाई झाली आणि तो कधी जाणारच नाही असे म्हणणे हा आळस झाला.

असे असले तरी सूर्याचा उगम मला आधीच्या सर्व उगमांहून एका बाबतीत निराळा वाटतो. पाण्याने खोऱ्यातला शेतकरी उठवला, कोळशाने रात्री शेतकरी उठवला. सूर्याची वीज मात्र नेमकी शेतकऱ्याच्या कामाच्या वेळी तयार होते. सकाळी सुरू, दुपारी भर, दिवस मावळला की बंद. हा तर आपल्या आजोबांच्या मोटेचा प्रहर! शेतीच्या फीडरला जवळच्याच सौर प्रकल्पाची वीज द्यावी, या विचाराने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिचा पहिल्या प्रयोगांपैकी एक प्रयोग आमच्याच तालुक्यात राळेगणसिद्धीला झाला, २ मेगावॅटचा. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला आणि उद्दिष्ट १६००० मेगावॅटपर्यंत गेले. काही गावांत दिवसाची लाईट सुरू झाली आहे, काही गावे अजून वाट पाहत आहेत. ज्या गावात ती आली, तेथे माणसे रात्री घरात झोपतात. एखाद्या योजनेचे यश मोजायला याहून मोठा आकडा मला तरी माहीत नाही.

येथे एक गोष्ट काहींना कडू वाटेल, पण सांगतो. २०२४ पासून राज्यात साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना आहे. बिल शून्य झाले याचा आनंद आमच्या घरातही झाला. तरीही मला वाटते की, फुकट विजेपेक्षा वेळेवरची वीज मोलाची आहे. रात्री दोन वाजता फुकट मिळालेली वीज खरोखर फुकट नसते. तिची किंमत झोपेत, सर्पदंशाच्या भीतीत आणि दुसऱ्या दिवशीच्या थकव्यात मोजली जाते. शिवाय जे फुकट मिळते त्याविषयी तक्रार करायला तोंड राहत नाही. ग्राहक म्हणून पैसे देऊन जाब विचारणे आणि उपकार म्हणून मिळालेले मुकाट्याने घेणे, यांत फरक आहे. शेतकऱ्याने मागावे ते दिवसाचे आठ तास, पुऱ्या दाबाने, न चुकता.

आता सेनापती बापटांचा प्रश्न पुन्हा विचारण्याची वेळ आली आहे. सौर प्रकल्पाला जमीन लागते, एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर. १६००० मेगावॅट म्हटले की हा आकडा पाऊण लाख एकरांच्या आसपास जातो. ज्याची जमीन आहे, त्याला ती भाड्याने देता येते. वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये हा दर जिरायत माळाला वाईट नाही. पण ज्याची स्वतःची जमीन नाही आणि ज्याची मेंढरे गावच्या गायरानावर चरतात, त्याचे काय? या योजनेसाठी सरकारी जमिनी दिल्या जातात, त्यात गायरानेही येतात. कागदोपत्री गायरान पडीक असते. प्रत्यक्षात ते गरिबाचे शेत असते. तेथे शेळी चरते, सरपण मिळते, आणि आमच्या तालुक्यातल्या मेंढपाळांची दिवाळीनंतर कोकणाकडे निघणारी वाट त्यावरून जाते. मुळशीला खाचरे गेली, कोयनेला गावे गेली आणि आता स्वच्छ विजेसाठी गायराने जाणार असतील, तर उगम तेवढा बदलला, रीत तीच राहिली, असे म्हणावे लागेल. ग्रामसभेत गायरानाचा विषय आला की तो शेवटी, घाईने, सह्या घेऊन संपवू नये. मेंढपाळाला बोलावून, किती जमीन ठेवायची आणि किती द्यायची, हे त्याच्या समोर ठरावे. काचा उंचावर बसवून खाली चराई ठेवता येते का, हाही प्रश्न अभियंत्यांना विचारावा. आम्हाला उत्तर येत नसेल, पण प्रश्न विचारता येतो. कला शाखेने एवढे तर शिकवले आहे.

सूर्याला दुसरी मर्यादा आहे ती संध्याकाळची. नेमक्या घरोघर दिवे लागण्याच्या वेळी तो मावळतो. याचेही उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या कड्यावर आहे. अकोले तालुक्यात घाटघर येथे २००८ पासून २५० मेगावॅटचा एक आगळा प्रकल्प चालू आहे. वर एक जलाशय आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी, शहापूर तालुक्यात, दुसरा. रात्री शिल्लक विजेने खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की ते खाली सोडून वीज करायची. यात नफा नसून तोटाच आहे, कारण चार युनिटे खर्चून साधारण तीनच हाती येतात. पण नको त्या वेळची वीज हव्या त्या वेळी मिळते. धान्य सुगीत कणगीत भरावे आणि आषाढात काढावे, तशी ही विजेची कणगी आहे. गंमत अशी की, कोळशाच्या रात्रीच्या शिलकीसाठी बांधलेली ही कणगी सूर्याच्या दुपारच्या शिलकीलाही उपयोगी पडू शकते. पाणी दुपारी चढवायचे, दिवेलागणीला सोडायचे. यंत्र तेच राहील आणि त्याचे वेळापत्रक उलटे होईल. उगम बदलतात तेव्हा जुनी कामे वाया जात नाहीत, त्यांना नवे अर्थ मिळतात, याचे याहून सुंदर उदाहरण कोणते?

काही जण म्हणतील की, देशाच्या प्रगतीसाठी कोणीतरी त्याग केलाच पाहिजे, प्रत्येकाला विचारत बसलो तर एकही दिवा लागणार नाही. या युक्तिवादात थोडे तथ्य आहे. मुळशी झाली नसती तर मुंबईच्या गिरण्या आणि त्यांतले हजारो कामगार कसे वाढले असते, हा प्रश्न खरा आहे. परंतु त्याग करणारा आणि लाभ घेणारा हे दर वेळी निराळेच कसे निघतात? त्याग ऐच्छिक असतो. न विचारता घेतलेल्या वस्तूला त्याग म्हणत नाहीत. आणि हा नियम कोळशालाही लावला पाहिजे. उद्या चंद्रपूरच्या भट्ट्या विझल्या, तर तेथील खाणकामगारांनी आणि राख वाहणाऱ्या मजुरांनी जायचे कोठे, याचाही विचार सूर्याचे स्वागत करतानाच करावा लागेल. नाहीतर पन्नास वर्षांनी कोणी विद्यार्थी असाच लेख लिहील, फक्त धरणग्रस्तांच्या जागी ‘कोळसाग्रस्त’ असा शब्द येईल.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांची घरे खेड्यांत आहेत आणि आपण घरचे पहिले शिकलेले आहोत. वीजबिल आले की घरातली माणसे ते आपल्यापुढे ठेवतात. ते नुसते वाचून आकडा सांगू नये. आपला फीडर कोणता, त्याला दिवसाची वीज केव्हा मिळणार, गावातल्या सौर प्रकल्पाला कोणती जमीन दिली, ग्रामसभेत ठराव झाला तेव्हा कोण हजर होते, हे विचारावे. प्राध्यापकांनाही एक विनंती आहे. अर्थशास्त्राच्या आणि इतिहासाच्या प्रकल्पांसाठी आपण दूरदूरचे विषय देता; एक वर्ष एकेका विद्यार्थ्याला आपापल्या गावच्या विजेचा इतिहास लिहायला सांगावा. पहिला खांब कधी आला, पहिली मोटार कोणाच्या विहिरीवर बसली, दलितवस्तीत आणि वाड्यावस्त्यांवर तारा किती वर्षांनी पोचल्या, रात्रीची पाळी केव्हा पडली. म्हातारी माणसे आहेत तोवर हा इतिहास मिळेल, नंतर नाही.

पाणी, कोळसा, अणू, वायू, वारा, बगॅस आणि आता सूर्य. शंभर-सव्वाशे वर्षांत महाराष्ट्राने इतके उगम पाहिले, आणि पुढेही नवे येतील. त्यांपैकी कोणता स्वच्छ आणि कोणता स्वस्त, हे शास्त्रज्ञ आणि हिशेबनीस सांगतीलच. त्यात तिसरी कसोटी आपण घालू या: तो न्याय्य आहे काय? ज्याच्या माळावर वीज तयार होते त्याच्या घरात दिवा आहे काय, आणि ज्याच्या घामावर देश जेवतो त्याला रात्री झोप आहे काय? या दोन प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर मिळेल, त्या दिवशी विजेचा उगम खऱ्या अर्थाने बदलला असे मी मानीन.